सुनेनं सांगितलेलं नाव

वहिनीच्या जिभेनं आमचा डोंगर घालवला, असं आमच्या माणसांत अजून बोललं जातं. बोलणाऱ्यांतले निम्मे त्या दिवशी तिथं नव्हते, आणि जे होते ते मान खाली घालून बसले होते. मी होते, आणि माझी मान वर होती. तेव्हा काय झालं ते माझ्याकडून ऐका.

केपटाऊनपासून लांब पूर्वेला, अमाटोलेच्या डोंगररांगेत, कैस्कामा नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यावर आमची वस्ती होती. सात-आठ झोपड्या, मधे काटेरी कुंपणाचा गोठा, गोठ्याखाली पेवं आणि पाठीशी डोंगर. डोंगराचं नाव लांगेनी. लांगेनी म्हणजे माझे पणजोबा. त्यांनीच पहिल्यांदा तिथं गुरं आणली आणि ते गेल्यावर गोठ्याच्या कडेलाच त्यांना मूठमाती दिली. आमचे बाबा रोज सकाळी त्या जागेपाशी बसून तपकीर ओढत आणि गुरं बाहेर पडताना बघत.

नोखांगेला ही माझ्या थोरल्या भावाची, म्लिंडीची बायको. आमच्या झोसा घरांत सून आली की सासऱ्याचं, आजेसासऱ्याचं, पणजेसासऱ्याचं नाव तिच्या तोंडाला वर्ज्य. नुसतं नाव नाही, त्या नावाशी जुळणारा शब्दही. आमच्या भाषेत सूर्य म्हणजे लांगा. म्हणून वहिनी सूर्याला सूर्य म्हणत नसे, ‘तापणारा’ म्हणायची. आणि डोंगराला म्हणायची मखुलू, म्हणजे थोरला. गोठ्यासमोरच्या अंगणातूनही सुना जात नसत. पाण्याला जायचं तर झोपड्यांच्या मागून वळसा. वहिनीला याचा जाच वाटत होता असं नाही. उलट ती मला चिडवायची, “वन्सं, तुम्ही लग्न करून जाल तेव्हा कळेल. देव करो नि तुमच्या सासऱ्याचं नाव ‘पाणी’ असो.”

गोऱ्यांच्या फौजेतले नकाशेवाले आले ते थंडी पडता पडता. त्यांचा मुख्य लेफ्टनंट हार्बिन, इंजिनिअर पलटणीतला. वयानं लहान, नाक उन्हानं सोललेलं, वागायला अगदी सभ्य. त्याच्याबरोबर काही शिपाई, खेचरं, तीन पायांवर उभं राहणारं पितळी यंत्र आणि जमीन मोजायची लोखंडी साखळी. ती साखळी त्यांनी आमच्या उभ्या ज्वारीतून ओढत नेली. ताटं मोडत होती आणि हार्बिन शिपायांना सांगत होता की जरा जपून ओढा. डोंगराच्या माथ्यावर त्यांनी खुणेसाठी दगडांची रास रचली आणि वर पांढरं फडकं लावलं.

आमच्या सरदाराचा निरोप आला होता की त्यांना दूध द्या, शब्द देऊ नका. म्हणून पुरुषांनी वाळल्या भोपळ्यातलं आंबट दूध पुढं केलं आणि तोंडं मिटली. ओढ्याचं नाव काय, उतार कुठं आहे, रान किती दाट आहे, सगळ्याला एकच उत्तर: ठाऊक नाही. हार्बिननं दिवसभर विचारलं. मग तो कंटाळला आणि ओढ्यावर आला, बायकांकडे.

त्याचा दुभाष्या योनास. आमच्यातलाच, मिशनवर वाढलेला, काळा कोट घालणारा. मीही मिशनच्या स्वयंपाकघरात दोन वर्षं काढली होती, त्यामुळे इंग्रजी मला बोलता बऱ्यापैकी येत होतं आणि समजत तर सगळंच होतं. योनासनं वहिनीला विचारलं, या डोंगराला काय म्हणतात? तिच्या डोक्यावर भरलेलं मडकं होतं. तिनं वर न बघता सांगितलं, “मखुलू.”

मी हसले. योनासही हसला. त्यानं हार्बिनला लगेच सांगितलं की साहेब, हा सुनेचा शब्द आहे, खरं नाव तिला उच्चारता येत नाही. मी लेक, मला कसली बंदी नव्हती. मी मोठ्यानं म्हटलं, “लांगेनी. माझ्या पणज्याचं नाव आहे.” योनासनं तेही सांगितलं.

हार्बिननं ऐकलं. मग लिहिलेल्या शब्दावर फुंकर घालून शाई वाळवली आणि म्हणाला, एका डोंगराला मला एकच नाव हवं, आणि ते मी लिहिलंय. वर वहिनीला टोपी काढून नमस्कार केला. सांगितलं ना, अगदी सभ्य.

दोन वर्षांनी लढाई पेटली. आमचे सरदार उठले, सगळं अमाटोले उठलं. गव्हर्नरची माणसं बाबांकडे आली आणि म्हणाली, तुम्ही शांत राहा, तुमची जमीन तुमची. बाबांनी रात्र रात्र विचार केला. त्यांनी तरुणपणी दोन लढाया पाहिल्या होत्या आणि दोन्हींत भाऊ गमावले होते. ते शांत राहिले. वस्तीतल्या एकाही पुरुषाला त्यांनी भाला उचलू दिला नाही. माझ्या मामांनी त्यांना गोऱ्यांचा कुत्रा म्हटलं. माझ्या आईच्या माहेरचे आमच्या घरचं पाणी पिईनासे झाले. बाबांनी सगळं गिळलं. शिपाई आजूबाजूची पेवं फोडत होते, ज्वारी जाळत होते, धूर आमच्या अंगणात उतरत होता, आणि आम्ही दिलेल्या शब्दाला धरून बसलो होतो.

लढाई संपली. गव्हर्नरचं फर्मान दवंडी पिटून सगळीकडे सांगितलं गेलं. उठाव केलेल्यांनी अमाटोले सोडून दूर पूर्वेच्या कै नदीपलीकडे जायचं. शांत राहिलेल्यांनी जागेवर राहायचं, आणि त्यांत लांगेनीखालच्या माणसांचं नाव होतं. तहाच्या बोलण्यांत आमच्या सरदाराच्या भावानं ते नाव गव्हर्नरच्या माणसांना सांगितलं होतं, जसं आहे तसं. दवंडी ऐकून बाबांनी एक बैल कापला. इतक्या महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा पोटभर जेवताना बघितलं.

मग हार्बिन परत आला. आता कॅप्टन झालेला. कुणी राहायचं आणि कुणी जायचं हे ठरवायचं काम त्याच्याकडे होतं. त्यानं आपलं मेज मांडलं ते नेमकं आमच्या गोठ्यासमोर, बाबांच्या बसायच्या जागेवर. मेजावर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांना चार दगड. शेजारी योनास, त्याच काळ्या कोटात. बाबा, म्लिंडी आणि वस्तीचे पुरुष जमिनीवर बसले. आम्ही बायका झोपडीच्या कडेनं उभ्या.

हार्बिन म्हणाला की नकाशावर लांगेनी नावाचा डोंगर नाही. हा मखुलू, आणि मखुलूखालची जमीन पलटणीतल्या लोकांना शेतीसाठी दिलेली आहे. बाबा म्हणाले, हाच लांगेनी. हार्बिन म्हणाला, या आठवड्यात मला भेटलेला प्रत्येक माणूस आपला डोंगर लांगेनी आहे असंच सांगतोय. लोक तसं सांगत असतीलही. फर्मान सगळ्यांनी ऐकलं होतं. पण त्यानं माझ्या बापाकडे बघून ते म्हटलं तेव्हा माझ्या कानशिलात रक्त चढलं.

मग तो म्हणाला, मखुलू हे नाव ज्या बाईनं सांगितलं तिला बोलवा.

वहिनी सवयीनं झोपड्यांच्या मागून वळसा घालून निघाली. शिपायाला वाटलं ती पळतेय. त्यानं तिला दंडाला धरलं आणि सरळ अंगणातून आणलं, गोठ्याच्या तोंडासमोरून, सासऱ्याच्या पुढ्यातून. लग्न होऊन आल्यापासून त्या मातीवर तिचं पाऊल पडलं नव्हतं. ती घोंगडी कपाळापर्यंत ओढून उभी राहिली.

योनासनं विचारलं, “बाई, या डोंगराचं नाव काय?”

तिनं घोंगडी आणखी पुढं ओढली. त्यानं पुन्हा विचारलं. म्लिंडी दातांतल्या दातांत म्हणाला, सांग की. सगळी वस्ती तिच्या तोंडाकडे बघत होती. तेव्हा बाबा उठले. हाताला धरून उठवावं लागायचं त्यांना, पण त्या दिवशी आपले आपण उठले. त्यांनी सुनेकडे पाठ केली, डोक्यावरून घोंगडी घेतली आणि म्हणाले, “सूनबाई, मी इथं नाही. बोल.”

ती बोलली. “लांगेनी.” मग मान वर करून, हार्बिनकडे बघत, पुन्हा, “लांगेनी. लांगेनी. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांचा डोंगर. तेव्हा मी त्याला मखुलू म्हटलं, कारण सून नाव घेत नाही. हे तुझ्या योनासलाही ठाऊक आहे. त्यानं तुला सांगितलं होतं.”

योनासनं कोटाची बटणं चाचपली आणि इंग्रजीत म्हणाला, “बाई म्हणते, तेव्हा तिची चूक झाली. आता ती दुसरं नाव सांगतेय.”

ओढ्यावर याच माणसानं खरं सांगितलं होतं. आता मखुलूखालच्या जमिनीतला एक तुकडा त्यालाही मिळायचा होता. हे आम्हाला नंतर कळलं, पण त्याच्या आवाजातून मला तेव्हाच काहीतरी कळलं. मी पुढं झाले. शिपायानं बंदूक आडवी धरली, ती मी हातानं बाजूला केली.

“ती असं म्हणाली नाही,” मी इंग्रजीत म्हटलं. “साहेब, तिची चूक झाली नाही. तुम्हाला ओढ्यावरच सांगितलं होतं. यानं सांगितलं, मी सांगितलं. तुम्ही कागदावर फुंकर मारलीत.”

अंगणात आमच्या माणसांना त्यातलं काही समजलं नाही. हार्बिन माझ्याकडे बघत राहिला. त्याला आठवलं होतं. कान लालभडक झाले त्याचे. तो एवढंही म्हणाला असता की तू खोटं बोलतेस, तर मी त्याला आज इतक्या शिव्या देत नसते.

तो म्हणाला, “माझा तुझ्यावर विश्वास आहे.” अगदी हळू, सभ्यपणे. “पण नकाशा छापून झालाय. केपटाऊनला गेलाय, लंडनला गेलाय. जमिनी त्यावरून वाटल्या आहेत. बायकांच्या एका रिवाजासाठी तो आता बदलता येणार नाही.”

“तुमच्या चुकीसाठी बदलता येईल ना?”

त्यानं चारी कोपऱ्यांवरचे दगड काढले आणि नकाशा गुंडाळला.

मला बाबांना ते आमच्या भाषेत सांगावं लागलं. एका वेळी एक वाक्य. माझा प्रत्येक शब्द त्यांच्या अंगावर पडताना मी बघत होते. लढलो असतो तरी डोंगर गेलाच असता; तो न लढता गेला, बाबांनी कुत्रा म्हणवून घेऊनही गेला. ते एवढंच म्हणाले, “त्याला कळलं होतं?” मी हो म्हटलं. मग ते खाली बसले.

शिपायांनी झोपड्या पेटवल्या तेव्हा पेवांतली ज्वारीसुद्धा आम्हाला पुरती काढू दिली नाही. गुरं पुढं, आम्ही मागं, असे कैपलीकडे गेलो. वाटेत वासरं मेली, माझी धाकटी चुलती मेली. नव्या जागी दुसऱ्या सरदाराची माणसं, दुसऱ्याची कुरणं. आम्हाला ओढ्याच्या पाणथळ बाजूला जागा दिली, आणि ती दिली हेच उपकार.

आणि तिथं सुरू झालं. पहिली कुजबुज कुणी केली कोण जाणे. नोखांगेलानं गोऱ्याला नाव चुकीचं सांगितलं. नोखांगेलानं नंतर सासऱ्याच्या तोंडावर पूर्वजाचं नाव घेतलं, म्हणून वासरं मेली. दोन्ही दोष एकाच बाईच्या माथी. नाव घेतलं नाही म्हणून डोंगर गेला आणि नाव घेतलं म्हणून वासरं गेली. हे बोलणाऱ्यांना लाज नव्हती. ओढ्यावर बायका तिच्यासाठी जागा करीनात. तिचं चिडवणं, हसणं सगळं आटलं.

एका संध्याकाळी पुरुष ज्वारीची दारू पीत बसले होते. वहिनी भांडं ठेवायला गेली तेव्हा म्लिंडी सगळ्यांसमोर म्हणाला, “ठेव आणि जा. तुझ्या जिभेनं एक डोंगर खाल्लाय, आता हा पेला तरी राहू दे.” काहीजण हसले.

बाबा म्हणाले, “म्लिंडी, ऊठ.”

तो उठला नाही. बाबा म्हणाले, “त्या दिवशी अंगणात किती पुरुष होतो आपण? गोऱ्याला जाब कुणी विचारला? दोन बायकांनी. तू काय केलंस? दातांतल्या दातांत बोललास. ज्यानं विचारलं आणि ऐकलं नाही, डोंगर त्यानं खाल्ला. त्याच्यावर तुझा हात पोचत नाही म्हणून हिच्यावर उगारतोस.”

म्लिंडीनं पेला खाली ठेवला, पण माफी मागितली नाही. माझ्या भावाला माफी मागता येत नाही; ते त्याला कुणी शिकवलंच नाही. दुसऱ्या दिवशी वहिनीनं आपलं अंथरूण आणि मडकी उचलली आणि माझ्या झोपडीत आली. तिचे मुलगे तिच्या मागोमाग आले. म्लिंडी न्यायला आला तेव्हा ती दारातून म्हणाली, “माझ्यामुळे डोंगर गेला नाही, असं चारचौघांत म्हण. त्याच चौघांत. मग येते.”

तो म्हणाला नाही. ती गेली नाही. बाबा होते तोवर रोज आमच्या झोपडीत जेवत, सुनेच्या हातचं, आणि ते गेल्यावर आमच्यासाठी बोलणारं कुणी उरलं नाही. योनासच्या शेतात मका चांगला येतो म्हणतात. हार्बिनचं पुढं काय झालं मला ठाऊक नाही, जाणूनही घ्यायचं नाही. म्लिंडी वाटेत भेटतो, माझी विचारपूस करतो. मी त्याच्याशी बोलत नाही. वहिनी म्हणते, सोडा वन्सं, भाऊ आहे तुमचा. मी सोडत नाही.