कापडाची कात्री आणि कोपऱ्यावरचा गाळा

मी कात्री बोलतेय. कापडाची. त्या दिवशी मी अडले ती मुद्दाम अडले होते, पण माझ्यावर विश्वास ठेवलाय कुणी? "हिची धार गेली," म्हणाली माझी मालकीण, थोरली, आणि मोकळी झाली. धार गेली म्हणे! आजही पाच पदरी कापड एका दमात कापीन.

माझा जन्म भट्टीतला. दोन पाती आणि मधे एक खिळा. थोरलीनं मला घेतलं तेव्हा तिची वेणी कमरेपर्यंत होती, आता सगळे केस मुठीत मावतात. एवढी वर्षं तिच्या हातात मी. माझ्या कडीनं तिच्या अंगठ्याला घट्टा पडलाय. नवरा आला आणि गेला, त्याची खूण तिच्या अंगावर नाही. माझी आहे.

मग तिची धाकटी बहीण शिवणाच्या दुकानात आली आणि येताना विजेवरची मशीन घेऊन आली. मशीन कसली, सवतच आली माझी. तिला खिडकीजवळची जागा, तिला आठवड्याला तेल, झाकायला फुलाफुलांचं कापड. मी मात्र खिळ्याला लटकलेली. गिऱ्हाईक आलं की म्हणायचं, "वा, काय टाके आहेत मशीनचे!" अगं बाई, आधी कापलं कुणी?

आमचं दुकान मोठ्या रस्त्यावरच्या जुन्या चाळवजा रांगेत. ती पाडून तिथं शिकणाऱ्या पोरापोरींच्या राहण्यासाठी पाच मजली इमारत आणि खाली दुकानं, असं ठरलं. वर्षभर नुसती चर्चा. कुणी म्हणे उजेड जाईल, कुणी म्हणे पोरं गोंधळ घालतील. शेवटी नगरपालिकेची मंजुरी आली. बिल्डरचा माणूस प्रत्येक दुकानात एकेक मोठा नकाशा देऊन गेला.

"जुन्या दुकानदारांना आधी निवड," तो म्हणाला. "नकाशावर हव्या त्या गाळ्यात सही करा आणि हाच नकाशा शनिवारी चारच्या आत ऑफिसात द्या. दुसरी प्रत मिळायची नाही."

"आणि नाही दिला तर?" थोरलीनं विचारलं.

"तर उरेल तो गाळा, मावशी. मागचा. जिन्याखालचा."

दोघींना हवा होता रस्त्याच्या कोपऱ्यावरचा, दोन बाजूंनी उजेडाचा. थोरलीची नजर उतरलीय. अंधाऱ्या गाळ्यात तिला सुईत दोरा ओवता आला नसता. दोघींनी सह्या केल्या. मग धाकटी रात्रंदिवस त्या नकाशावर पेन्सिलीनं काहीबाही लिहीत बसायची. शनिवारी सकाळी नकाशाला घड्या पडल्या म्हणून तिनं तो इस्त्री केला, कोरी बाजू वर करून बेतायच्या टेबलावर पसरला आणि बटणं आणायला गेली. जाताना कागदाची छोटी कात्रीही पिशवीत घालून गेली.

आता शिंप्याच्या टेबलावर कोरा, इस्त्री केलेला कागद म्हणजे काय? बेतायचा कागद! दातांच्या डॉक्टरीणबाईंचा कोट शिवायला आला होता. थोरलीनं कागद ओढला, खडूनं बाहीचे पुढचा आणि मागचा असे दोन तुकडे आखले आणि छोटी कात्री सापडेना म्हणून मला उचललं.

मला! कापडाच्या कात्रीला कागद लावतात का कधी? कागदानं धार मरते, हे तिनंच दहा जणींना शिकवलंय. म्हणून मी अडले.

"हिची धार गेली वाटतं. चल गं बाई, नखरे नकोत," ती म्हणाली.

माझं वरचं पातं कोऱ्या बाजूला होतं, खालचं कागदाखाली. त्या खालच्या पात्यानं पाहिलं. नकाशा. कोपऱ्यावरचा गाळा. आणि खिडकीपाशी पेन्सिलीनं लिहिलेलं, "इथे मशीन." आरसा इथे, इस्त्री इथे. माझा कुठं ठिपकासुद्धा नाही.

मग मी अडले नाही. लोण्यातून जावं तशी गेले.

धाकटी परतली तेव्हा बाहीची बेतणी इतर बेतण्यांच्या गठ्ठ्यात जाऊन पडली होती.

"ताई, नकाशा कुठाय?"

"मला काय ठाऊक? तुझ्याच हातात असायचा दिवसभर."

"मी इथंच ठेवला होता!"

"मग त्याला पाय फुटले का? एक काम दिलं होतं तुला, एक!"

चार वाजले. कोपऱ्यावरचा गाळा मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याला गेला. आम्हाला जिन्याखालचा. धाकटी आठवडाभर रडली, मग मशीन टेम्पोत घालून आपल्या घरी गेली. जाताना तेवढंच म्हणाली, "तू मला एकदाही खरं मानलं नाहीस, ताई."

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? आता थोरली आणि मी, दोघीच. पण शिवायलाच कुणी नाही तर कापायचं काय? इमारत झाली, आम्ही जिन्याखाली आलो. वरची पोरं यायची, पँट आखूड करून मागायची. थोरली दिव्याखाली डोळ्यांशी सुई धरायची, चारदा दोरा चुकायचा, बोटातून रक्त यायचं. तेही मीच पाहिलं.

काल डॉक्टरीणबाई दुसरा कोट टाकून गेल्या. थोरलीनं गठ्ठ्यातून बाही काढली आणि ती उलटी पडली. तिनं चष्मा लावला. मागचा आणि पुढचा तुकडा जवळ जुळवले. जिथून मी गेले होते तिथंच अक्षरं तुटली होती. खिडकीपाशी मला त्या दिवशी "मशीन" तेवढं दिसलं होतं. त्याच्या शेजारी लिहिलं होतं, "आणि इथे ताई, सगळ्यात जास्त उजेडात."

ती स्टुलावर बसली. मग फोन लावला.

"अगं... नकाशा सापडला. डॉक्टरीणबाईंच्या बाहीत."

पलीकडून काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. थोरलीनं नाक पुसलं.

"नाही गं, तू नव्हता हरवलास. मशीन घेऊन ये परत. अंधार आहे, पण ये."

पुन्हा काहीतरी विचारणं झालं. थोरलीनं आपल्या अंगठ्याच्या घट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंडातून "मीच" निघता निघता राहिलं.

"कुणी कापला म्हणजे? कात्रीनं."