वाढत्या अंगाची स्लीपिंग बॅग

कोल्हापुरात चौगुल्यांच्या दुकानातल्या प्रत्येक स्लीपिंग बॅगेत तिचं तिचं हवामान असायचं. गिऱ्हाइकानं आत पाय घालून ते बघितल्याशिवाय चौगुले बॅग विकत नसत.

इंदुमतीबाई शिंत्र्यांना हे फार आवडलं. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला, फळ्यावर हिमालय काढून काढून खडूचे खोके संपवलेले. हिमरेषा कुठून सुरू होते ते झोपेतून उठवून विचारा, सांगतील. पण खरा बर्फ हाताला म्हणून लागला नव्हता. फ्रिजमधला त्या धरतच नसत. आता निवृत्त झाल्यावर हिमालयाचा ट्रेक ठरला होता, चार वाजता समोरच्या चौकातून बस निघायची होती, आणि ट्रेकच्या म्होरक्यानं बजावलं होतं की धड बॅग नसेल त्यानं बसच्या पायरीवर पाय ठेवू नये. बाकीची दुकानं पालथी घालून झाली होती. घड्याळात तीन वाजले होते.

"सकाळपासून बूट घालून बसलीय," त्यांचे यजमान माधवराव चौगुल्यांना म्हणाले. "जेवलीसुद्धा बुटांत. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!"

"अहो, गप्प बसा हो जरा. मला इतका आनंद झालाय की धड बोलवत नाहीये."

"बाई, आधी पाय घाला, मग बोला," चौगुले म्हणाले.

पहिली बॅग निळी, पातळ. बाईंनी बूट काढून पाय घातले. आत वैशाख होता. पिकल्या फणसाचा वास, चिकचिक घाम, आणि पोटरीला डास चावला तो वेगळाच. "ही उन्हाळ्याची. कोकणात, दर्यावर झकास," चौगुले म्हणाले. दुसरी हिरवी. तिच्यात आंबोलीचा श्रावण कोसळत होता. बाईंचे मोजे निथळत बाहेर आले आणि अंगठ्याला एक खेकडा लोंबत होता. चौगुल्यांनी तो अलगद सोडवला, परत बॅगेत टाकला आणि चेन ओढली. "हिच्या आतला धागा भिजला तरी ऊब सोडत न्हाई," ते म्हणाले.

तिसरी लाल. पिसांची. उणे दहा अंशांची.

बाई खांद्यापर्यंत आत सरकल्या. बॅग अंगावर बेतून शिवल्यासारखी बसली. पायाची बोटं बरोबर तळाला टेकली आणि तळापलीकडून असा काही गारवा झोंबला की बाई किंचाळल्याच. "अहो, बर्फ! जवळच आहे कुठेतरी! वास येतोय मला!"

"मग हीच घ्या," चौगुले म्हणाले.

आणि इथे बाईंनी ती चूक केली, जी आपल्याकडच्या प्रत्येक आईनं दुकानात उभं राहून केलेली आहे. दोन पोरांचे गणवेश, स्वेटर, चपला, सगळं त्यांनी असंच घेतलं होतं. तोंडातून आपसूक निघून गेलं, "याच्यात एक माप मोठी दाखवा. वाढत्या अंगाची असलेली बरी."

"तुमचं अंग वाढायचं दिवस ऱ्हायल्यात व्हय बाई?" चौगुले हसले. मग गंभीर झाले. "ऐका माझं. बॅगेतली मोकळी जागा आपल्याच अंगानं तापवाय लागती. जागा जास्त, तेवढी थंडी जास्त."

"असू द्या. काढा तुम्ही."

चौगुल्यांनी माळ्यावरून बॅग काढली. ती गल्ल्यावरून सुटली ती दारापर्यंत उलगडत गेली.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत," माधवराव म्हणाले.

"जन्मभर तेच केलं. आज अंथरूणच मोठं मिळालंय." बाईंनी बूट पुन्हा चढवले, शाल आवळली आणि आत शिरल्या.

पाय तळाला टेकेनात. त्या आणखी सरकल्या, मग रांगल्या, मग सरळ उभ्या राहून चालू लागल्या. समोर चढ होता. चढावर, हाकेच्या अंतरावर, पांढरीशुभ्र रेघ. फळ्यावर काढायच्या अगदी तशीच! बाई साठीच्या असून धावत सुटल्या.

"पोचले का गं पाय?" मागून माधवरावांची हाक आली. बॅगेचं तोंड ताटाएवढं दिसत होतं.

"नाही अजून! पण दिसतोय! अहो, दिसतोय!"

त्या दहा पावलं गेल्या. रेघ दहा पावलं मागे सरकली. पायाखाली नुसता ओला चिखल आणि कोवळं गवत.

"बाई, तुमची ऊब जाईल तिथवर बर्फ ऱ्हायचा न्हाई," चौगुल्यांनी ओरडून सांगितलं. "बॅगेचं कामच हाय त्ये."

बाईंना ते लगेच पटलं. त्यांनी शाल काढून टाकली. रेघ जरा थबकली. मग स्वेटर काढला, मग बूट आणि ओले मोजे. पावलं आधी दुखली, नंतर दुखायची थांबली. रेघ आता चार हातांवर होती. बाईंना हसू आवरेना.

बाहेर बसचा हॉर्न वाजला.

"इंदू, चार वाजले! म्होरक्या आलाय, बॅग पसंत आहे म्हणतोय. चल आता."

"आलेच! पाच मिनिटं!"

वाटीएवढ्या झालेल्या तोंडातून माधवरावांचा हात आत आला. तो लांबत लांबत चढावरून वर आला, अंगठी घातलेला, केसाळ, गरम. थेट बाईंच्या खांद्याशी येऊन त्यानं चाचपडायला सुरुवात केली. आसपासचं गवत भराभर उगवलं आणि पांढरी रेघ सपकन वीस हात वर पळाली.

"अहो, हात काढा! वितळतोय सगळा!"

"अगं, धर की मला."

"धरते हो, नंतर धरते. आधी काढा!"

हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तो हळूहळू मागे गेला. बाईंना वाईट वाटलं, पण क्षणभरच. वाईट वाटण्याएवढीही ऊब आता त्यांना खर्च करायची नव्हती. त्या चालत राहिल्या. श्वासाची वाफ निघत होती, ती निघेनाशी झाली. रेघ जागची हलली नाही. बाई तिच्यापाशी पोचल्या, वाकल्या आणि त्यांनी ओंजळभर बर्फ उचलला.

"अहो! मिळाला! हातात आहे माझ्या!"

खाली दुसरा हॉर्न वाजला. बाईंनी मूठ गच्च आवळली, तिच्यात तोंडानं फुंकर घातली आणि बोटं उघडून पाहिली. बर्फ वितळत नव्हता.