दफनभूमीपर्यंत आणि परत

'नापास' असा सरळ शब्द मॉन्तेरेई शहरातून फोनवर शिकवणाऱ्या अरियाद्नाबाई कधी लिहीत नसत. त्यांनी लिहिलं होतं, "प्रिय लांदी, तुझ्यात फार माया आहे. पण याही वेळी तू सल्ला दिलास."

लांदी कानुलने फोन आरशासमोरच्या फण्याकात्र्यांमध्ये आपटला. माया म्हणे! मायेला काय चाटायचं आहे? तिला वेलनेस कोचचं प्रमाणपत्र हवं होतं, आणि ते दुसऱ्यांदा हातचं गेलं होतं.

हातांचाच तर सगळा घोळ होता. लांदीचं केस कापायचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं. वर्षानुवर्षं गावातल्या बायकांचे केस रंगवून तिच्या हातांची सालं निघाली होती. रात्री खोबरेल लावून, मोजे घालून झोपायचं आणि सकाळी पुन्हा तोच रंग. डॉक्टरने सरळ सांगितलं होतं, "रंग सोड, नाहीतर हात तरी सोड." तेवढ्यात गावच्या मध उत्पादक बायकांच्या सहकारी संस्थेने ठरवलं, की आपल्या सभासद बायकांसाठी एक कोच ठेवायची. गावात साखरेचा आजार घरटी होता. संस्थेच्या अध्यक्ष नेल्बाबाई लांदीला म्हणाल्या, "तुझ्याकडे बायका मन मोकळं करतात. प्रमाणपत्र आण, खोली तुझी." लांदीने लगेच फोनवरचा अभ्यासक्रम सुरू केला.

आणि तिथे शिकवलं काय, तर गप्प बसायला! कोचने औषध सांगायचं नाही, आजार ओळखायचा नाही, ते डॉक्टरचं काम. एवढं लांदीला पटलं. पण पथ्य सांगायचं नाही, काढा सांगायचा नाही, 'अगं असं कर' म्हणायचं नाही. फक्त विचारायचं. समोरच्या माणसाला स्वतःचं उत्तर स्वतःच सापडतं म्हणे. या गावात एखादी शिंकली तर समोरची, शेजारची आणि रस्त्याने जाणारीसुद्धा थांबून काढा सांगून जाते. न सांगणारीला लोक शिष्ट म्हणतात. असल्या गावात वाढलेल्या बाईने तोंडाला कुलूप लावायचं म्हणजे काय खायचं काम आहे?

सरावासाठी तिने एल्सी पेचला धरलं होतं. लांदीच्या लेकीला पहिल्यांदा कडेवर घेऊन घराभोवती फिरवण्याचा मान एल्सीचा होता. इथल्या रीतीप्रमाणे तेव्हापासून दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. सख्ख्या बहिणीशी भांडता येतं, कोमाद्रेवर फक्त चिडता येतं. एल्सी पपईचे आणि नारळाचे गोड पदार्थ करून विकायची. पाक जमला की नाही ते जिभेवर ठेवल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे दिवसभर चमचा तोंडात. साखर तिला कधीचीच लागली होती.

पहिल्या परीक्षेत, म्हणजे मॉन्तेरेईला पाठवायच्या चित्रफितीत, लांदीने एल्सीला विचारलं होतं, "तुला स्वतःत काय बदलावंसं वाटतं?"

"तूच सांग ना, कोमाद्रे. कोर्स तू करतेयस की मी?"

मग काय, लांदीने सांगितलं. सगळं सांगितलं. नापास.

दुसऱ्या वेळी तिने जीभ चावून धरली, अवाक्षर काढलं नाही. पण एल्सीने गोड सोड्याच्या बाटलीकडे हात नेला तशी लांदीने ती बाटली उचलून मागे ठेवली. अरियाद्नाबाईंनी लिहिलं, "हातांनीही सल्ला देता येतो, लांदी." त्या दिवशी लांदी एल्सीच्या खांद्यावर डोकं ठेवून रागाने रडली होती.

आता तिसरी आणि शेवटची संधी होती.

लांदीने फोन केसांच्या फवाऱ्याच्या डब्याला टेकवून ठेवला. टेबलापलीकडे एल्सी बसली. कानात डूल, केस चोपून बसवलेले. फोनमध्ये दोघींचे चेहरे तेवढे दिसत होते.

"एल्सी, तुला स्वतःसाठी काय बदलावंसं वाटतं?"

"मला वाटतं, आपण रोज सकाळी चालावं," एल्सी म्हणाली. "दफनभूमीपर्यंत आणि परत."

लांदीचे डोळे विस्फारले, पण तिने चेहरा सावरला. "त्यात काय आड येईल?"

"ऊन. म्हणून मी ऊन चढायच्या आत निघेन. पाकाची चव मी भाचीला घ्यायला सांगेन. आणि सोडा प्यावासा वाटला की लिंबूपाणी घेईन, बिनसाखरेचं."

"आणि हे जमलं तर तुला कसं वाटेल?"

एल्सीने जरा विचार केल्यासारखं केलं. "हलकं," ती म्हणाली.

हलकं! लांदीला उठून तिला मिठी मारावीशी वाटली. तिने फक्त मान डोलावली, थेट अरियाद्नाबाईंसारखी. आठ दिवसांनी उत्तर आलं, "लांदी, आज तू खरंच ऐकलंस." प्रमाणपत्र आलं. लांदीने रंगाच्या सगळ्या बाटल्या उचलून समोरच्या पार्लरवालीला फुकट दिल्या आणि संस्थेच्या मागच्या खोलीत, मधाच्या पिंपांशेजारी, आपली खुर्ची मांडली.

काम तर लोण्यासारखं चाललं. बाई यायची, बसायची, लांदी विचारायची आणि बाईला स्वतःचं उत्तर स्वतःच सापडायचं. "मी रोज सकाळी चालते. दफनभूमीपर्यंत आणि परत." "सोडा प्यावासा वाटला की लिंबूपाणी." दोन मुलांच्या जोडीने मधमाश्या सांभाळणारी थोराड आउरोरा म्हणाली, "पाकाची चव मी भाचीला घ्यायला सांगते." जन्मात पाक न केलेल्या बाईला पाक चाखणारी भाची कुठून मिळाली, हे लांदीला तेव्हा खटकलं नाही. तिचं सगळं लक्ष गप्प बसण्यात होतं. एल्सी तर दर आठवड्याला यायची, सगळ्यांच्या आधी, टेबलामागे बसून राहायची आणि हलकं वाटतंय म्हणायची.

महिनाअखेर नर्स आली. तिने सगळ्यांच्या बोटांना सुई टोचली आणि कागद नेल्बाबाईंकडे दिला. साखर कुणाचीही उतरली नव्हती. बहुतेकींची चढली होती.

नेल्बाबाईंनी लांदीला बोलावून घेतलं. "चालतात सगळ्या?"

"हो."

"सोडा कुणी पीत नाही?"

"नाही."

"पाक भाच्या चाखतात. मग ही साखर येते कुठून, लांदी? हवेतून?" नेल्बाबाई फटकळ होत्या, पण वाईट नव्हत्या. "पुढच्या तपासणीला आकडे खाली आले नाहीत तर त्या खोलीत मी बरण्या ठेवते. बरण्या निदान खोटं बोलत नाहीत."

लांदी घरी आली ती धुमसतच. चूक कुठे झाली? एकही सल्ला दिला नव्हता. भुवईसुद्धा उचलली नव्हती. बायका एवढं चालतात आणि साखर चढते, म्हणजे हा अभ्यासक्रमच बोगस, नाहीतर आपण करंट्या. हातांची सालं आता कुठे भरत आली होती. पुन्हा त्या रंगात हात घालायचा विचार आला तशी तिने खोबरेल काढून हातांना चोळलं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत ती उठली आणि दफनभूमीच्या वाटेला लागली. निदान बायका चालतात कशा ते तरी बघू. कदाचित फार सावकाश चालत असतील.

वाट रिकामी होती. दफनभूमीच्या फाटकाशी एक कुत्रं झोपलं होतं आणि त्याच्या शेजारी आपल्या तीनचाकी सायकलरिक्षात म्हातारा विल्बर्थ झोपला होता. लांदी बराच वेळ उभी राहिली. मग तिने रिक्षाची दांडी हलवली.

"विल्बर्थकाका, बायका येऊन गेल्या का?"

"कसल्या बायका?"

"चालायला येतात ना इथे. सगळं गाव येतं."

विल्बर्थकाकांनी टोपी डोळ्यांवरून वर सारली आणि वाटेकडे एक नजर टाकली. "पोरी, इथे माणूस एकदाच येतं. आणि तेही चालत येत नाही."

लांदीला हसू आलं नाही. "एल्सीसुद्धा येत नाही?"

"एल्सी? तिला तर बाजारात मीच नेतो. तुझ्या त्या खोलीपर्यंतही मीच सोडतो, सगळ्यांच्या आधी. पाय टेकवत नाही म्हणते कधीपासून." त्यांनी टोपी पुन्हा डोळ्यांवर ओढली. "तुला माहीत असेल की. तू तर त्यातली कोच."

लांदी एल्सीच्या घरी कशी पोचली ते तिचं तिलाच कळलं नाही. मागच्या स्वयंपाकघरात पपई रटरटत होती आणि एल्सी पातेल्यापाशी उंच स्टुलावर बसली होती, तोंडात चमचा. लांदीला पाहताच तिने तो पाठीमागे लपवला, शाळेतल्या पोरीसारखा.

"कुठेय तुझी भाची?" लांदी ओरडली. "आणि ते दफनभूमीपर्यंत आणि परत? आत्ताच जाऊन आले मी. एक कुत्रं होतं तिथे!"

"ओरडू नकोस, पाक लागेल."

"लागू दे! माझ्याशी खोटं बोललीस? माझ्याशी?"

"तुझ्याशी नाही, तुझ्यासाठी," एल्सीही तापली. "दोनदा नापास झालीस. माझ्या खांद्यावर रडलीस. तुझे ते हात बघवत नव्हते मला. तू ते फोनवरचे धडे दुकानात मोठ्याने लावून ठेवायचीस ना? केस वाळवत बसून बसून माझे पाठ झाले. कोचला काय ऐकायला आवडतं, ते मला तुझ्या आधी कळलं."

"आणि आउरोरा? आणि बाकीच्या?"

"त्यांनी विचारलं, लांदीचं काम टिकायचं तर काय बोलायचं. मी सांगितलं. नाही म्हणू? आउरोराला मी सांगत होते, पाकाचं तू बोलू नकोस. पण तिला तेच आवडलं."

लांदीला आता सगळं कळलं. सगळं गाव तिला पास करत होतं. एकेक बाई येऊन, हातातलं काम टाकून, तिच्यासमोर पाठ केलेलं म्हणून दाखवत होती, आणि ती शहाण्यासारखी मान डोलावत होती. तिला इतका राग आला होता, आणि तो नेमका कुणावर काढावा तेच तिला समजत नव्हतं.

"मी तुला दर आठवड्याला विचारलं," ती म्हणाली. "दर आठवड्याला, एल्सी. कशी आहेस म्हणून."

"विचारलंस. पण कसं? बँकेतल्या बाईसारखं." एल्सीने चमचा पातेल्यात टाकला. "आधी तू मला दारातून येताना बघितलंस तरी म्हणायचीस, काय गं, तोंड का असं झालंय, रात्री झोपली नाहीस का, काय खाल्लंस. शिव्या द्यायचीस. आता नुसती मान हलवतेस. त्या मान हलवणारीला मी काय सांगणार होते?"

"काय सांगायचं होतं?"

एल्सीने एक पाय स्टुलाखाली ओढून घेतला. लांदीने खाली पाहिलं.

महिनाभर तिने एल्सीला टेबलाच्या वर दिसेल तेवढंच पाहिलं होतं. स्टुलाखाली एल्सीच्या एका पायात चप्पल होती. दुसऱ्या पायातल्या चपलेचा पट्टा सुरीने कापला होता आणि पाऊल फडक्यात गुंडाळलं होतं. फडकं एका बाजूने ओलं होतं.

लांदी जमिनीवर बसली आणि तिने फडकं सोडलं. करंगळीशेजारी जखम होती, खोल, कडेला काळी पडलेली. एल्सी हूं की चूं करत नव्हती. दुखतच नव्हतं तिला, आणि लांदीला त्याचीच जास्त भीती वाटली. कोर्सच्या पहिल्याच धड्यात सांगितलं होतं, असलं काही दिसलं की विचारत बसायचं नाही, त्याच क्षणी डॉक्टरकडे पाठवायचं. गप्प बसायच्या सगळ्या धड्यांमध्ये बोलायची तेवढी एकच जागा होती आणि नेमकी तीच लांदीच्या हातून निसटली होती.

तिने गॅस बंद केला. एल्सीला बाजारात न्यायला विल्बर्थकाका गल्लीच्या तोंडाशी आलेच होते; दारात जाऊन ती बोंबलली, "विल्बर्थकाका! रिक्षा आणा, इथे, अगदी दाराशी!" मग परत येऊन एल्सीच्या काखेत हात घातला. "ऊठ. पायावर भार देऊ नकोस. तिसिमीनला मोठ्या दवाखान्यात जायचंय, आत्ता. चमचा ठेव म्हणते ना! आणि हे जे तू महिनाभर लपवलंस ना, त्यासाठी तुला मी तिथून परत आल्यावर बघते."

"कोमाद्रे," एल्सी तिच्या खांद्यावर भार टाकत म्हणाली, "हा सल्ला झाला."

"चूप."

रिक्षा निघाली तेव्हा फोन वाजला. नेल्बाबाई. खोलीत पहिली बाई येऊन बसली होती.

"मी येत नाही आज," लांदी म्हणाली. "आणि ऐका, कुणीही चालत नाही. एकसुद्धा नाही. सगळ्या मला सांभाळून घेत होत्या. बरण्या ठेवायच्या असतील तर ठेवा." पलीकडून काय उत्तर येतं ते न ऐकताच तिने फोन बंद केला आणि आपल्या हातांकडे पाहिलं. मग तेच हात एल्सीच्या पायाखाली धरले, खड्ड्यांचे धक्के लागू नयेत म्हणून.

तिसिमीनच्या बसचा थांबा गावाबाहेर होता आणि तिकडे जायला तीच वाट. फाटकाशी झोपलेल्या कुत्र्याने मान वर करून पाहिलं. विल्बर्थकाका खाली मान घालून जोरात पायडल मारत होते.

"बघ," एल्सी हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "आले की नाही दफनभूमीपर्यंत?"

लांदीने तिचा पाय आणखी घट्ट धरला.

"आणि परत," ती म्हणाली. "आणि परत, एल्सी. तूच म्हणाली होतीस."