पहिल्या पदाचा वन्स मोअर

आमच्या ह्यांना नाटकाला नेणं म्हणजे गाठोडं नेण्यासारखं आहे. खुर्चीत ठेवलं की ठेवलं. तिसरी घंटा होते न होते तोच हनुवटी छातीला टेकते आणि मग कोपरानं ढोसत बसायचं काम माझ्याकडे. त्या रविवारी दुपारी मात्र मी आधीच बजावलं होतं, "आज डोळा लागला तर याद राखा. आपली सून नायिका म्हणून उभी राहणार आहे." हे "बरं" म्हणाले. ते नेहमीच म्हणतात.

हौशी मंडळींनी तेच जुनं संगीत नाटक पंचवीस-तीस वर्षांनी पुन्हा उभं केलं होतं. पूर्वी ज्यांनी ते डोक्यावर घेतलं, ते सगळे आता गुडघे सांभाळत प्रेक्षकांत बसले होते. एकेकाला पदं तोंडपाठ. आमच्या पुढच्याच रांगेत निवृत्त हेडबाई आणि औषधांच्या दुकानाचे मालक. पडदा वर जायच्या आधीच त्यांचं सुरू झालं, की जुनी नायिका काय गायची, तो गळाच वेगळा. मला त्या दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली.

कारण माझा जीव टांगणीला लागला होता. दोन वर्षांपूर्वी सुनेच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून तिनं गाणं बंदच केलं. तालमींना गेली तीसुद्धा आम्ही मागे लागलो म्हणून. सकाळी केस विंचरता विंचरता मला म्हणाली, "आई, आज पहिलं पद फसलं ना, तर मी पुन्हा कधी गाणार नाही. मग मला समजवायला कोणी येऊ नका." ही पोरगी बोलते ते करते.

पहिलं पद निम्मं तर सुरेख झालं. मग वरचा सूर आला आणि तिचा आवाज फाटला. चांगला टरकन फाटला. पुढच्या ओळी तिनं कशाबशा उरकल्या. टाळ्या पडल्या, पण त्या कीव करणाऱ्या. पोरगी विंगेकडे बघायला लागली. मला वाटलं, संपलं सगळं.

एवढ्यात माझ्या शेजारून खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!"

आमचे हे! सगळं नाट्यगृह मान वळवून बघायला लागलं. कुणीतरी खुदकन हसलंही. टाळ्यांनी दचकून जागे झाले असणार आणि जुन्या सवयीनं ओरडले असणार. एवढं फसलेलं पद, आणि त्याला घरचाच वन्स मोअर! मी कोपर असं मारलं की बरगडी मोडायची.

पण आमच्याकडे वन्स मोअर आला की तो घ्यायचाच, मग देणारा कोणी का असेना. ऑर्गनवाले मास्तर जुने, नियमाचे पक्के. त्यांनी सरळ सुरुवातीचे सूर धरले. सुनेला पळायची सोयच राहिली नाही.

या वेळी तिनं घाई केली नाही. वरच्या सुराच्या आधी थांबून तिनं श्वास घेतला, तो मला दिसला. मग तो सूर लागला, आणि असा लागला की पुढची दोन्ही डोकी डोलायला लागली.

मध्यंतरात चहाच्या टेबलापाशी ही गर्दी. औषधवाले सांगत होते, "पहिल्या खेपेला गळा तापला नव्हता, इतकंच. मी ओळखलं. म्हणून तर वन्स मोअर दिला."

"तुम्ही?" हेडबाई म्हणाल्या. "आवाज तर आपल्या मागून आला."

"मी मनात दिला होता."

हेडबाई कौतुकाच्या बाबतीत पक्क्या चिक्कू. पण माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दुसऱ्या खेपेला मला जुनी आठवली नाही हो." मी त्यांचे दोन्ही हात धरले. मघाशी त्यांच्याबद्दल जे जे मनात आलं होतं, ते सगळं मी तिथल्या तिथे मागे घेतलं.

नाटक संपल्यावर सून रंग न पुसताच बाहेर आली ती थेट ह्यांच्यापाशी. "बाबा, तुम्ही नसतात तर मी आतूनच घरी गेले असते," म्हणाली आणि वाकून त्यांच्या पाया पडली.

"अगं, त्यांचं काय कौतुक करतेस?" मी म्हटलं. "झोपेत ओरडले ते. बिघडलेल्या गाण्याला वन्स मोअर देतं का कोणी?"

हे शांतपणे चष्मा पुसत होते. "चांगलं झालं असतं तर कशाला मागितलं असतं?" ते म्हणाले. "मग गप्प बसून ऐकलं नसतं का?"

मघाशी कोपर मारलेली ती बरगडी मी हळूच चोळून दिली.