मागचा डावा

तांब्याची तार. ढोलकीवरची काळी शाई. चिकलठाण्याच्या धावपट्टीवर उतरणारं विमान. मनीप्लँटची पिवळी पानं. वाळवीची पावडर. एवढं माझं जग.

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. एकटा नाही. आम्ही पाच भावंडं, सहावा तो जाडजूड वूफर, आणि आमचा कारभारी म्हणजे ॲम्प्लिफायर. संचातलं माझं नाव ‘मागचा डावा’. ऐकणाऱ्याच्या पाठीमागून बोलण्यासाठी कारखान्यात मला घडवलं.

पण धोंडिबांच्या घरात मला मागे कुणी बसवलंच नाही.

चिकलठाण्याच्या एका कंपनीतून निवृत्त झालेल्या धोंडिबांची भीमगीतांची गायन पार्टी होती. ते मुख्य गायक, त्यांच्या पत्नी मुक्ताबाई कोरसमध्ये. मुलगा बुद्धभूषण रेकॉर्डिंगच्या धंद्यात शिरला, आणि पहिल्या कमाईतून त्याने आम्हाला घरी आणलं. पाहुणे आमची तारीफ करत. मात्र मागच्या भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. तिच्याजवळ असलं डबडं ठेवायचं नाही, असं धोंडिबांनी बजावलं. म्हणून मला पुढे, टीव्हीशेजारी बसवलं, आणि माझी तार कारभाऱ्याच्या पाठीत पुढच्या भावाच्याच जागेत खोचली. मागच्या उजव्याचंही तसंच. तो बोले तेच मी बोले. माझं स्वतःचं असं काही नव्हतं.

पुढे सगळ्यांच्या हातात मोबाईल आले. माझ्या डोक्यावर मनीप्लँटची कुंडी आली.

(इथे बराच काळ आवाज नाही.)

मागच्या वर्षी मुक्ताबाई गेल्या. आता त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी घरीच होता. आईचा आवाज त्या दिवशी घरात ऐकू आला पाहिजे, असं मुलीने, रत्नमालेने ठरवलं होतं. बुद्धभूषणने पार्टीचे कार्यक्रम रेकॉर्ड केले होते आणि डिस्कवर जागा पुरेना तेव्हा ते दाबून लहान केले होते. तिने पडेगावचा कार्यक्रम लावला. ढोलकी कडाडली, धोंडिबांचा गळा खणखणला. मुक्ताबाई कुठेच नव्हत्या.

“आवळून आवळून भूषणनं तुझ्या आईलाच बाहेर फेकलं,” धोंडिबा म्हणाले. “रविवारी नको लावू. माझाच गळा ऐकवायला लोकं बोलवायची का?”

रत्नमालेने मोबाईल उचलला. तिने पुण्याला भावाला फोन लावला. त्याने सांगितलं, फाईल लहान केली, पण आतले सहाही आवाज वेगवेगळेच ठेवलेत. कोरसचा माईक मागच्या दोन आवाजांत आहे. म्हणजे आई आत होती. बाहेर येत नव्हती.

मग ती हटून बसली. टीव्हीखालचा प्लेयर सहाही आवाज दोनात कोंबत होता, त्यामुळे कोरस ढोलकीखाली गाडला जात होता. तिने ती सेटिंग बदलली.

एकदम शांतता. वूफरसुद्धा गप्प.

आमचा कारभारी जुना. नव्या पद्धतीने दाबलेला आवाज त्याला उलगडेना. तिने पुन्हा फोन केला, पुन्हा सेटिंग उघडली, आणि कारभाऱ्याला समजेल अशा जुन्या पद्धतीत आवाज बदलून देण्याचं काम प्लेयरवर सोपवलं. कारभाऱ्याच्या पट्टीवर सहाही खुणा उजळल्या. तरी मुक्ताबाई नाहीत. रत्नमाला एकेका तारेवरून बोट फिरवत माझ्यापर्यंत आली. तिने कुंडी उतरवली, मला पुसलं, माझी तार उपसली.

“बाबा, आई कुठं उभी राह्यची?”

“हे काय इचारणं झालं? कोरस माझ्या मागं. ती डाव्या टोकाला.”

“मग तिचा डबा पुढं ठेवून कसं जमंल?”

धोंडिबा तसबिरीकडे बघत राहिले. मग स्वतः उठून एक बुटका स्टूल आणला आणि भिंतीपासून हातभर पुढे, तसबिरीच्या बराच खाली ठेवला. “इथं,” एवढंच म्हणाले. मागच्या उजव्या भावालाही त्यांनी तसाच स्टूल दिला.

आम्हा दोघांच्या तारा मागच्या जागांत बसल्या. गाणं सुरू झालं. धोंडिबा टीव्हीकडे तोंड करून बसले होते. दुसऱ्या कडव्याला कोरस उठला, आणि मुक्ताबाई माझ्यातून गायल्या.

धोंडिबांनी मागे वळून पाहिलं नाही. मांडीवर ठेका धरला.

“लई घाई करती,” ते म्हणाले. “पहिल्यापासनंच.”

“लावू ना रविवारी?” रत्नमालेने विचारलं.

“लाव. पण माझा आवाज जरा बारीक कर.”

मित्रांनो, जागेसाठी आवाज दाबावा लागला तर दाबा. पण मूळ रेकॉर्डिंग पुसण्याआधी मागे कोण उभं आहे ते ऐकून घ्या. आमच्या तारा तपासा, आमची धूळ झटका. आम्ही गप्प असलो म्हणजे रिकामे आहोत असं समजू नका.

पडेगावच्या त्या कार्यक्रमाला मुक्ताबाई जाणारच नव्हत्या. कोरसमधली एक बाई आजारी पडली, म्हणून त्या ऐनवेळी तिथे गायला गेल्या, आणि हा आवाज मागे राहिला.