मागच्या कप्प्यातली लाळ

लॅबमध्ये तिला सगळे माई म्हणत. ती गरोदर असताना रिसेप्शनवालीने गमतीने ठेवलेलं नाव. बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं, पण नाव परत कसं घ्यायचं, हे कुणालाच कळलं नाही.

तिचं काम लाळेतलं इस्ट्रियॉल मोजायचं. गर्भारपणात हे संप्रेरक वाढत जातं आणि त्याचा कच्चा माल, देवाची करणी बघा, पोटातलं बाळच पुरवतं. बाळाने यायची घाई केली की ते एकदम चढतं. प्लेटवरच्या खळग्यांत लाळ घालायची, रंग येऊ द्यायचा. इस्ट्रियॉल जितकं जास्त, तितका रंग फिका. मशीन खरं बोलतंय ना, हे पाहायला एका खळग्यात आधीच मोजलेली लाळ घालतात. तिला कंट्रोल म्हणतात. या लॅबचा कंट्रोल आधी म्हणजे माईचीच गरोदरपणातली लाळ, छोट्या नळ्यांत भरून गोठवलेली.

बाळ गेल्यावर लॅब चालवणाऱ्या मॅडमनी विकतचा कंट्रोल आणला. माई तरी सोबत आपली नळी घालत राहिली. दर खेपेला तो खळगा फिका पडे. गेलेलं लेकरू तिथे अजून वाढत होतं, आतून हाक देत होतं. शेवटची नळी मात्र तिने फ्रीझरच्या मागच्या कप्प्यात बर्फामागे सारली.

आज विकतचा कंट्रोल बिघडला. बाहेर आठव्या महिन्यातली एक सून आणि तिची सासू बसल्या होत्या. डॉक्टरांचा फोनवर फोन येत होता.

"थुंकीत कसलं आलंय भविष्य?" सासू खिडकीतून विचारत होती. "आम्ही तिने पाकिटं चिकटवायचो!"

सून हसली आणि हसता हसता तिने पोट धरलं.

"कंट्रोलशिवाय रिपोर्ट देता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "माई, तुझी एखादी नळी उरलीय?"

"नाही."

सुनेने पुन्हा पोट धरलं. माईने फ्रीझर उघडून बर्फ खरवडला. नळी तिने मुठीतच वितळवली.

दुपार कलता रंग आले. माईचा आकडा जिथल्या तिथे होता, म्हणजे मशीन खरं बोलत होतं. सुनेचा खळगा त्याहूनही फिका.

"आत्ताच भरती करा," मॅडम फोनवर सांगत होत्या. "बाळाच्या फुप्फुसांची इंजेक्शनं द्यायला अजून वेळ आहे."

सासू-सून गेल्यावर मॅडम माईकडे वळल्या. "हिची लाळ उरलीय. नळ्यांत भरून ठेव, कंट्रोलला होईल."

"नको मॅडम. विकतचाच मागवा."

"अगं, नुसती लाळ ती."

"ते लेकरू आत्ता दवाखान्यात चाललंय. त्याला इथे कोंडायचं नाही." माईने ती लाळ जंतुनाशकात ओतली.

मॅडमनी फोन लावला. उद्या कंट्रोल नक्की पोचेल ना, असं दोनदा विचारलं.

प्लेट टाकायची राहिली होती. तिच्यातला शेवटच्या नळीचा फिका खळगा सुकत होता, आणि माईचा हात काही पुढे होत नव्हता.