विरणारी चादर

शिलाई मशीनच्या दुकानावरच्या हॉलमध्ये सकाळी दहालाच उभं राहायला जागा नव्हती. खिडक्यांना जांभळे पडदे, एसी असा की अंगावर काटा यावा, आणि पुढच्या मंचावर पत्त्यांवरून भविष्य सांगणारे खुद्द पत्तेमहाराज. त्यांनी समोर बसलेल्या एका शिक्षिकेच्या हाती टॅरोचं, म्हणजे भविष्याच्या चित्रपत्त्यांतलं, एक कार्ड दिलं. कार्डावर पलंगावर पहुडलेलं जोडपं होतं आणि त्यांच्या अंगावर गळ्यापर्यंत गडद जांभळी चादर.

"डोळे मिटा," महाराज म्हणाले. "जोडीदाराला मनात आणा. दोन्ही अंगठे चादरीवर ठेवा. बाकीचं काम वैश्विक लहरींचं."

मिनिटाभराने शिक्षिकेने डोळे उघडले, तर चादर विरत चालली होती. आधी अंगठ्यांखाली, मग चहूबाजूंनी. खाली एकमेकांत गुंतलेले दोन उघडे देह दिसू लागले. महाराजांनी कार्ड उंच धरून गर्दीला दाखवलं. कुणी तोंडावर हात ठेवला, कुणी मान वळवली आणि लगेच पुन्हा पाहिलं.

"सत्य निर्वस्त्र झालं," महाराज हळहळले. "घरात तिसरी व्यक्ती आहे. पण घाबरू नका, शुद्धीकरणाच्या अकरा बैठकांत ती निघून जाईल."

शिक्षिका हमसून हमसून रडू लागली.

शेवटच्या रांगेत शाईताईंनी चष्मा पुसून पुन्हा नाकावर चढवला. छापखान्यात तीस वर्षं शाई कालवत आल्यामुळे त्यांना सगळे याच नावाने ओळखत. शेजारी त्यांची धाकटी बहीण बसली होती. गेल्या आठवड्यात याच मंचावर धाकटीच्या हातातल्या कार्डावरची चादरही अशीच विरली होती. त्याच दुपारी तिने बॅग भरली आणि ताईचं घर गाठलं. नवरा बसचालक, पंधरा वर्षांचा संसार. अलीकडे तो गप्प गप्प असायचा, विचारलेल्याला उत्तर द्यायचा नाही, दर बुधवारी संध्याकाळी कुठे जातो ते सांगायचा नाही. धाकटीने आता वकिलाची वेळ घेतली होती.

"अगं, ती शाई मी कालवली आहे," शाईताईंनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आणि ते खरं होतं. तीन वर्षांपूर्वी एक चित्रकार बाई छापखान्यात आल्या होत्या. टॅरोचे दुर्मीळ संच जमवणाऱ्या हौशी प्रौढांसाठी त्यांनी शृंगारचित्रांचा एक संच काढला होता. अठ्ठ्याहत्तर पत्ते, मोहोरबंद पेटी, वर ठळक सूचना: फक्त प्रौढांसाठी. चित्रांत सगळ्या वयांची प्रौढ जोडपी होती. पोट सुटलेली, केस पिकलेली म्हातारीसुद्धा. मालक चित्रं बघताना छताकडे बघत होते. शाईताईंनी मात्र सगळी चित्रं निवांत पाहिली आणि त्यांना त्यांत लाजण्यासारखं काही दिसलं नाही. फक्त एका पत्त्यावरची चादर हाताच्या उबेने नाहीशी व्हावी, असा त्या बाईंचा हट्ट होता. तेवढ्या एका चादरीपायी शाईताईंनी नऊ डबे शाई वाया घालवली होती.

पण धाकटी ऐकेना. "तुला जिकडे तिकडे शाईच दिसते. उबेनेच जात असेल तर माझी गेली आणि माझ्या शेजारणीची का नाही गेली? तिला हात नाहीत?"

याचं उत्तर शाईताईंना शोधायचं होतं. म्हणून तर त्या आज इथे आल्या होत्या.

दारापाशी महाराजांची बायको प्रत्येकाकडून एक फॉर्म भरून घेत होती. त्यात शेवटचा रकाना: 'जोडीदाराविषयी शंका आहे का?' फॉर्म वाचून ती माणसाला मंचाजवळच्या खुर्चीवर बसवायची आणि काहीतरी प्यायला द्यायची. शाईताई अर्धा तास नुसत्या त्या ट्रेकडे बघत राहिल्या. कुणाच्या हाती वाफाळत्या कॉफीचा स्टीलचा पेला येई, कुणाच्या हाती बर्फाच्या पाण्याचा ग्लास. कॉफीवाल्यांची चादर जाई. पाणीवाल्यांची जागच्या जागी राही.

"शेजारणीने फॉर्ममध्ये काय लिहिलं होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"शंका नाही म्हणून. ती नवऱ्याच्या नोकरीचं विचारायला आली होती."

"आणि तू?"

"बुधवारचं सगळं," धाकटी म्हणाली.

शाईताई उठल्या. फॉर्मवर त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'नवऱ्यावर दाट संशय.' लगेच कॉफी आली. पेला दोन्ही हातांत धरून त्यांनी ती सावकाश संपवली आणि मंचावर जाऊन बसल्या. चादर तर बघता बघता गेली.

महाराजांनी डोळे मिटले. "ताई, मन घट्ट करा. तुमचे पती या क्षणी एका परस्त्रीच्या सहवासात आहेत. उंच बांधा, कुरळे केस."

"या क्षणी?"

"अगदी या क्षणी."

"त्यांना जाऊन सहा वर्षं झाली हो," शाईताई म्हणाल्या.

हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. महाराज सावरले. "लहरींना काळाचं बंधन नसतं. आत्म्याच्या पातळीवर..."

"आत्म्याचे केस कुरळे?" मागून कुणीतरी विचारलं.

तोवर शाईताईंनी कार्ड शेजारच्या ट्रेमधल्या बर्फाच्या ग्लासला टेकवलं होतं. चादर परत आली. मग तेच कार्ड त्यांनी कॉफीच्या किटलीला टेकवलं. चादर गेली.

"किटलीचंही बाहेर काही चालू असेल, तर हिलाही अकरा बैठका द्या," त्या म्हणाल्या आणि पर्समधून छापखान्यातला नमुन्याचा पत्ता काढून लोकांपुढे धरला. "ही शाई ऊब लागली की रंग सोडते, गार झाली की परत धरते. ती कशी छापली ते मला विचारा, सगळं सांगते. फॉर्ममध्ये शंका लिहिली की गरम पेला, नाही लिहिली की गार ग्लास. आणि एसी यासाठी, की नुसत्या हाताने चादर हलू नये. एका बाईंनी मोठ्या मायेने काढलेलं हे चित्र आहे. त्यात दोन माणसं एकमेकांवर प्रेम करतायत. यांनी त्याच चित्राने घरं मोडायला घेतली."

शिक्षिका पुढे आली. तिने स्वतः कार्ड आधी ग्लासला लावलं, मग किटलीला. दोनदा करून पाहिलं. मग तिने महाराजांकडे इतक्या शांतपणे पाहिलं, की ते मागच्या दाराकडे सरकू लागले. बायको त्यांच्या आधीच जिना उतरली होती.

धाकटीला मात्र हसू येत नव्हतं. "मग बुधवारी तो जातो कुठे?" ती रस्त्यात म्हणाली.

"ते मला काय माहीत? शाईलाही माहीत नाही. त्यालाच विचार."

धाकटी आपल्या घरी परतली. नवरा स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून भांडी घासत होता. तिने मागून हाक मारली, दोनदा मारली. त्याने वळून पाहिलं नाही. ती पुढे जाऊन समोर उभी राहिली, तेव्हा तो दचकला.

"बुधवारी कुठे जातोस?"

त्याने नळ बंद केला. हात पुसले. "कानाच्या डॉक्टरकडे," तो म्हणाला. "डाव्या कानाने ऐकू येईनासं झालंय. कामावर कळलं तर बस काढून घेतील. तुला सांगितलं असतं तर तू काळजी करत बसली असतीस."

"आणि न सांगून काय केलंस?" म्हणत ती खाली बसली आणि रडली. मग उठून त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली. पुढच्या बुधवारी दोघं मिळून डॉक्टरकडे गेली. कानात यंत्र बसलं. कामावर त्याने स्वतःच सांगितलं, तेव्हा त्याला बसवरून उतरवून वेळापत्रकाच्या खिडकीवर नेमलं. त्याचं त्याला वाईट वाटलं, पण आता धाकटीशी तो त्याबद्दल बोलतो तरी.

ज्याच्यासोबत आपण एका छताखाली राहतो, त्याच्या मनातलं कुठल्याही पत्त्याला कळत नाही, पत्ता वाटणाऱ्याला तर नाहीच. शंका आली तर सरळ विचारावं. उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारावं. आणि कुणी चमत्कार दाखवलाच, तर हात जोडण्याआधी तो आपल्या हातात मागून, उलटासुलटा करून पाहावा.